बंद न पडलेलं एन्झाइम आणि मावशीचा डबा

"तिशीनंतर शरीरातलं ओडीसी नावाचं एन्झाइम बंद पडतं, म्हणून स्पर्मिडीन हे तारुण्याचं अमृत तयार होत नाही. रोज दोन चमचे गव्हांकुर पावडर घ्या, पेशी स्वतःला साफ करतील. याच शोधाला २०१६ चं नोबेल मिळालं. कॅन्सर होऊन गेलेल्यांनी तर आवर्जून घ्यावी!!"

हा मेसेज दोन महिने फिरतोय आणि मी दुर्लक्ष करत होतो. गेल्या रविवारी मावशीकडे गेलो, तर ओट्यावर पावडरचा डबा. मावशीचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय. जाऊबाईंनी आधी मेसेज पाठवला, मागोमाग डबा. "अरे, नोबेलवाल्यांनी सांगितलंय," मावशी म्हणाली. मी जीवरसायनशास्त्र शिकवून पोट भरतो, पण नोबेलपुढे भाच्याचं काय चालणार! म्हणून हे त्यांच्या ग्रुपसाठी लिहून काढतोय.

नोबेलचं आधी उरकून टाकू. २०१६ चं पारितोषिक योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी आपलाच कचरा कसा मोडीत काढते, हे यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल. त्यात पावडर नाही, चमचाही नाही. आणि गव्हांकुर म्हणजे कुंडीत उगवलेलं गवत. स्पर्मिडीनसाठी ज्याचं नाव घेतात तो गव्हाच्या दाण्यातला कोंबाचा भाग. मेसेज लिहिणाऱ्याला एवढाही फरक माहीत नाही.

आता 'बंद पडलेलं' एन्झाइम. ओडीसी म्हणजे ऑर्निथिन डिकार्बोक्झिलेज. ते ऑर्निथिनपासून पुट्रेसिन बनवतं, आणि पुढची एन्झाइमं त्याचं स्पर्मिडीन करतात. (पुट्रेसिन हे नाव कुजण्यावरून पडलंय. अमृताच्या जाहिरातीत ही पायरी गाळलेली असते.) पेशीला वाढायला, दुभंगायला पुट्रेसिन, स्पर्मिडीन अशी रसायनं, म्हणजेच पॉलिअमाइन्स, लागतातच. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, जखमा साठीतही भरून येतात. ओडीसी तिशीत बंद पडलं असतं तर हे लिहायला मी उरलो नसतो.

खरी गंमत वेगळीच आहे. हे एन्झाइम पेशीत फार टिकत नाही. तासाभराच्या आतच अर्ध्याहून जास्त मोडलं जातं आणि पेशी नवं बनवत राहते. मोडतं कोण? अँटिझाइम नावाचं प्रथिन. त्याच्या एमआरएनएवर, म्हणजे प्रथिन बनवायच्या सूचनांच्या प्रतीवर, सुरुवातीलाच 'थांबा' अशी खूण असते, त्यामुळे ती वाचून प्रथिन बनवणारं यंत्र, रायबोसोम, एरवी तिथेच थांबतो. पेशीत पॉलिअमाइन्स जास्त झाली की रायबोसोम एक अक्षर पुढे घसरतो, खूण ओलांडतो आणि अँटिझाइम पूर्ण तयार होतं. ते ओडीसीला पकडून प्रोटिएसोम या कचराघाणीत नेऊन टाकतं. बहुतेक प्रथिनांना तिथे जाण्याआधी युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवावी लागते, ओडीसीला तीही लागत नाही.

गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. टाकी भरली की पाणी आपोआप थांबतं. इथे तर नळच मोडून भंगारात जातो, आणि तेच अँटिझाइम बाहेरून येणाऱ्या पॉलिअमाइन्सची वाटही अडवतं. अशा टाकीत वरून चमच्याने ओतून काय होणार? २०२३ मध्ये निरोगी माणसांना रोज १५ मिलिग्रॅम स्पर्मिडीन पाच दिवस देऊन पाहिलं, रक्तातलं स्पर्मिडीन वाढलं नाही.

आणि आता ज्यासाठी मी चिडलोय ते, 'कॅन्सर होऊन गेलेल्यांनी आवर्जून'. अरे बाबांनो, अनेक कॅन्सरमध्ये ओडीसी मुळातच वाढलेलं असतं! मिक नावाचं कॅन्सरशी जोडलेलं जनुक ओडीसीचं जनुक चेतवतं. म्हणून डॉक्टर मंडळी हे एन्झाइम बंद करायच्या मागे आहेत. डीएफएमओ हे औषध ओडीसीला चिकटून ते कायमचं निकामी करतं. ते आफ्रिकेतल्या निद्रारोगावर आधीपासून वापरात होतं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूरोब्लास्टोमा या मुलांच्या कॅन्सरसाठी, तो उलटू नये म्हणून, मंजूर झालं.

मावशीशी थेट संबंध असलेली गोष्ट त्याहून जुनी. २००८ मध्ये आतड्यातले पॉलिप (पुढे कॅन्सर होऊ शकतो अशा छोट्या गाठी) काढलेल्या ३७५ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना डीएफएमओ आणि सुलिंडॅक हे सूज कमी करणारं औषध, काहींना नुसती खोटी गोळी. तीन वर्षांत पुन्हा पॉलिप आले ते खोट्या गोळीवाल्यांपैकी ४१ टक्क्यांना, औषधवाल्यांपैकी १२ टक्क्यांना. पुढे त्याच लोकांचा आहार तपासला, तेव्हा जेवणातून सर्वांत जास्त पॉलिअमाइन्स घेणाऱ्या पाव हिश्श्यात औषधाचा फायदा दिसेनासा झाला होता. स्पर्मिडीनने कॅन्सर होतो, असं मी म्हणत नाही, ते यातून सिद्ध होत नाही. पण याच आतड्याच्या रोग्याला 'आवर्जून घ्या' सांगायला कोणत्या तोंडाने धजावता?

बरं, खोट्यात थोडं खरं आहे, तेही सांगून टाकतो. स्पर्मिडीन दिलेल्या माश्या, किडे, उंदीर जास्त जगले. इटलीतल्या ब्रुनेको गावात ज्यांच्या जेवणात ते जास्त होतं त्यांच्यात मृत्यू कमी दिसले. पण तिथले लोक जेवत होते, डबे विकत घेत नव्हते. आणि डबेवाल्यांची परीक्षाही झालीय. बर्लिनमध्ये विसरायला होतंय अशी तक्रार असलेल्या १०० वयस्कांपैकी निम्म्यांना वर्षभर गव्हाच्या कोंबाचा अर्क दिला, स्मरणशक्तीत फरक पडला नाही. सोयाबीन, मटार, मशरूम, चक्कीचं पीठ खुशाल खा. त्याला कोणाची हरकत नाही.

जाऊबाईंना हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण नैसर्गिक आहे ना?" मावशीची पुढची तपासणी मंगळवारी आहे. डबा पिशवीत घालून ठेवलाय, डॉक्टरांना दाखवायला.