लघवी नारिंगी झाली म्हणून टीबीच्या गोळ्या बंद करू नका

गेले काही दिवस एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा: समुद्रातल्या स्पंजात टीबीचं औषध सापडलं आहे, ते 24 तासांत जंतू मारतं, पण कंपन्यांनी ते दाबून ठेवलं आहे. टीबीच्या गोळ्यांनी लिव्हर सडतं आणि नारिंगी लघवी ही त्याचीच खूण. चार-चार औषधं लागतच नाहीत, एक पुरतं. गोळ्या सोडा आणि समुद्री शेवाळाची पावडर 40 दिवस घ्या. निसर्गातलं आहे, अपाय नाही.

माझ्या मावसबहिणीच्या कोर्सचा दुसरा महिना चालू आहे. तिला हा मेसेज तिच्या काळजीपोटीच कोणीतरी पाठवला आणि तिने मला विचारलं, "ताई, थांबवू का गोळ्या?" नाही, थांबवायच्या नाहीत. हे गुळमुळीत सांगण्याची माझी तयारी नाही.

आधी नारिंगी लघवी, कारण घाबरवायचं काम तीच करते. टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन हे औषधच मुळात लाल-नारिंगी रंगाचं आहे. शरीराबाहेर पडताना ते लघवीला रंग देतं, घामाला देतं, अश्रूंनाही देतं. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सवर त्याचे कायमचे डाग पडतात, म्हणून कोर्स चालू असताना त्या वापरू नका असं सांगतात. हा रंग औषधाचा आहे, सडलेल्या लिव्हरचा नव्हे. कोर्स सुरू करतानाच रुग्णाला हे एका वाक्यात सांगितलं, तर असल्या मेसेजचा निम्मा जोर तिथेच ओसरेल.

लिव्हरला त्रास होऊ शकतो, एवढं मात्र खरं आहे. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांनी काही रुग्णांच्या लिव्हरला सूज येते. पण तिच्या खुणा वेगळ्या आहेत: भूक मरते, मळमळ थांबत नाही, उलट्या होतात, पोटात उजवीकडे वर दुखतं, डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद तपकिरी होते. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ते रक्त तपासतात, गरज पडली तर औषधं थांबवतात आणि लिव्हर सावरलं की एकेक औषध पुन्हा सुरू करून बघतात. डॉक्टरांनी असं थांबवणं आणि मेसेज वाचून आपणच थांबवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांनी आधीच गोळ्या सोडल्या असतील त्यांनीही मनाने पुन्हा सुरू करू नयेत. किती डोस चुकले ते डॉक्टरांना खरं सांगावं, पुढचं ते ठरवतील.

आता "एक औषध पुरतं". मेसेजमधला सर्वांत घातक दावा हाच आहे, कारण तो माणसांवर आधीच तपासून झाला आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं प्रभावी अँटिबायोटिक 1943 मध्ये मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची रीतसर चाचणी घेतली आणि 1948 मध्ये निकाल छापला. 55 रुग्णांना हे एकच औषध आणि विश्रांती दिली होती, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 दगावले, दुसऱ्यातले 14. डोळ्यांत पाणी आणणारं यश होतं ते. पण पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा पहिल्या गटातले 32 गेलेले होते आणि दुसऱ्यातले 35. सुरुवातीचा फायदा जवळजवळ पुसला गेला होता, कारण बऱ्याच रुग्णांमधले जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात, त्यातले मोजके एखाद्या औषधाला जात्याच पुरून उरतात. बाकीचे मेले की त्यांना रान मोकळं मिळतं. दोन-तीन औषधं एकदम दिली तर सगळ्यांना पुरून उरणारा जंतू सापडणं जवळजवळ अशक्य होतं. चार औषधं कोणी हौस म्हणून देत नाही. या हिशोबासाठी माणसांनी जीव दिले आहेत आणि मेसेज लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

स्पंजाच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. स्पंज, प्रवाळ आणि समुद्रतळाच्या गाळातले जिवाणू यांच्यात टीबीवरची औषधं शोधण्याचं काम खरोखर चालू आहे. जपानमधल्या ओकिनावाच्या एका स्पंजातून 1986 मध्ये मॅन्झामिन नावाचं संयुग मिळालं. त्या गटातल्या काही संयुगांनी प्रयोगशाळेत टीबीच्या जंतूची वाढ रोखली. पण काचेच्या बशीत जंतू मारणं ही पहिली पायरी आहे. तो पदार्थ माणसाच्या पेशींनाही मारतो का, पोटातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात पोचतो का, हे सगळं पुढचं. समुद्री जीवापासून मिळालेलं एकही औषध आजवर टीबीसाठी मंजूर झालेलं नाही.

आणि या शोधातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ-रांगेतल्या एका स्पंजात सॅलिनिस्पोरा नावाचे जिवाणू राहतात आणि ते रिफामायसिन गटाची संयुगं बनवतात. याच गटातलं रसायन 1957 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या पाइनच्या रानातल्या मातीतून मिळालं होतं आणि त्याच्यात थोडा बदल करून रिफॅम्पिसिन तयार झालं. म्हणजे ज्या स्पंजाचं नाव घेऊन गोळी सोडायला सांगतात, त्या स्पंजातला जिवाणू त्या नारिंगी गोळीतल्याच औषधाचा भाऊबंद बनवतो.

शेवाळाचा तर इथे काही संबंधच नाही. स्पंज हा प्राणी आहे, शेवाळ नव्हे. समुद्री शेवाळाच्या, विशेषतः तपकिरी शेवाळाच्या पावडरीत आयोडीन इतकं असू शकतं की थायरॉईड बिघडावं. "निसर्गातलं म्हणून निर्धोक" हेही खोटं. झिकोनोटाइड हे वेदनाशामक ज्या समुद्री शंखातल्या गोगलगायीच्या विषावरून बनलं, तिच्या जातभाईंच्या डंखाने माणसं मेली आहेत.

24 तासांचं म्हणाल, तर टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायलाच 18 ते 24 तास लागतात. त्यातले काही सुस्त पडून राहतात आणि औषधांना महिनोन् महिने चकवतात. कोर्स लांबतो तो यासाठी.

राहिलं दडपलेलं संशोधन. टीबीचे बहुतेक रुग्ण गरीब, म्हणून कंपन्या या रोगावर पुरेसा पैसा घालत नाहीत, ही तक्रार रास्त आहे आणि माझीही आहे. पण मॅन्झामिनची रचना संशोधनपत्रिकांत छापून आलेली आहे, कोणीही वाचावी. अडचण वेगळीच असते: स्पंजातून पदार्थ पुरेसा मिळतच नाही. हॅलिकॉन्ड्रिन या कर्करोगावरच्या संयुगासाठी न्यूझीलंडजवळून एक टन स्पंज काढला, तेव्हा जेमतेम 300 मिलिग्रॅम हाती आलं. त्यावरून प्रयोगशाळेत घडवलेलं औषध 2010 मध्ये मंजूर झालं, मूळ शोधानंतर 24 वर्षांनी. टीबीचा कोर्सही चाचण्यांमधूनच आखूड होतो आहे: रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेला चार महिन्यांचा कोर्स 2021 च्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या सहा महिन्यांच्या कोर्सच्या तोडीचा ठरला.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला आहे त्यांनी तो नुसता पुसू नये, कारण वाचणाऱ्यांनी तो वाचलेला आहे. ज्या ज्या ग्रुपमध्ये टाकला, तिथे आजच लिहावं की ही माहिती चुकीची आहे, गोळ्या चालू ठेवा.