आलं किती महिन्यांत निघतं?

"खाली ठेव ते. पाय तोडून घेशील आणि मला या वयात दवाखान्याच्या फेऱ्या मारायला लावशील."

हे वाक्य मला उद्देशून होतं. मला, म्हणजे सातारा जिल्हा, कोरेगाव तालुका, सातबाऱ्यावर रीतसर नाव लागलेल्या शेतकऱ्याला. बोलणारी बाई ऐंशीच्या पुढची, उंचीला माझ्या खांद्याइतकी, आणि माझ्या हातात होता कोयता. तिकडे त्याला कटलास म्हणतात. नाव समुद्री चाच्याच्या तलवारीचं, काम मात्र गवत कापण्यापासून नारळ फोडण्यापर्यंत सगळं. मी तो नुसता उचलून पाहिला होता. फोटोसाठी.

दहा दिवस झाले या गोष्टीला. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

भूगोल पटकन उरकतो. भाचा वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर, पॉइंट लिसासला अमोनियाच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मी आणि सौ. त्याच्याकडे राहायला गेलो. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाची सासुरवाडी बराकपूरला, शेतकऱ्याचं घर. "मामांना शेतीची आवड आहे," असं भाच्याने परस्पर सांगून टाकलं. हो, बराकपूरच. त्या बेटाच्या दक्षिण भागात फैजाबाद आहे, गोलकोंडा आहे, चक्क हिंदुस्तान नावाचं गाव आहे. 1845 ते 1917 या काळात जवळजवळ एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं उसाच्या मळ्यांत राबायला करारावर तिकडे नेली. बहुतेक सगळी कलकत्त्याहून जहाजात चढलेली, मूळची उत्तर प्रदेश-बिहारकडची. माणसांमागून गावांची नावंही बोटीत बसली. सातारा काही बसलं नाही. सकाळी याची मला हळहळ वाटत होती. संध्याकाळपर्यंत वाटलं, बरं झालं.

सौ.ने पाठदुखीचं कारण सांगून घरीच राहणं पसंत केलं. बाईला पुढचं दिसतं.

त्या जावयाने आम्हाला घरापाशी आणलं, सासूबाईंच्या आईच्या ताब्यात मला दिलं, "जस्ट नाऊ" म्हणाला आणि भाच्याला घेऊन पंपाचा कुठलासा भाग आणायला निघून गेला. "जस्ट नाऊ" या शब्दांचा अर्थ आधी कळला असता तर मी गाडीतून उतरलोच नसतो. आपल्याकडे माणूस अजून टॉवेलवर असताना "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" म्हणतो ना, त्याचा हा सख्खा भाऊ. तीन तास दहा मिनिटं.

घर काँक्रीटच्या उंच खांबांवर. वर माणसं झोपतात, खाली मोकळ्या जागेत संसार चालतो. एका खांबापासून दुसऱ्या खांबाला पोत्याचा झोपाळा बांधलेला. अंगणाच्या कोपऱ्यात उंच बांबूंवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या झेंड्यांची रांग. पूजा झाली की नवा झेंडा लावायचा, जुना आपोआप विरून जाऊ द्यायचा. मागे चिकणमातीची जमीन, पावसात बुटाला धरून ठेवणारी, आणि काठ्या-दोऱ्यांवर चढवलेल्या हातभर लांब शेंगांचा मळा. चवळीच्या शेंगा. तिकडे त्यांना बोडी म्हणतात.

म्हातारी बाकावर बसून या शेंगांच्या जुड्या बांधत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे माल डेबेच्या घाऊक बाजारात जायचा होता. मी जवळ गेलो, दोन्ही हात जोडले आणि प्रेमाने म्हणालो, "नमस्ते, आजी."

तिने वर पाहिलं. तिचं इंग्रजी तिकडच्या वळणाचं, शेपट्या तोडलेलं आणि भरधाव. मला जसं ऐकू आलं तसं मराठीत सांगतो.

"आजी कुणाला म्हणतोस?"

"तुम्हाला. आमच्याकडे ग्रँडमदरला आजी म्हणतात."

"आमच्याकडेही म्हणतात. बापाच्या आईला. मी इथे मुलीच्या घरी राहते. या घरातल्या पोरांची मी नानी. आजी त्यांची पेनलला असते." मग जरा थांबून, "तू इंडियातून आलास ना? इंडिया-इंडियातून?"

म्हणजे बघा. विषुववृत्ताजवळच्या एका बेटावर, जिथे माझी भाषा बोलणारं चिटपाखरू नाही, तिथे मला "आजी" या शब्दाचा अर्थ शिकवण्यात आला. आमचा शब्द! मी सांगायचा प्रयत्न केला की मराठीत दोन्हीकडच्या आज्या आजीच. ती म्हणाली, "मग हाक मारली की कोण ओ देते?"

याला उत्तर नाही. लहानपणी खरोखरच दोघी ओ द्यायच्या.

तेवढ्यात समोरच्या तारेवर पिवळ्या पोटाचा एक पक्षी येऊन बसला आणि किंचाळू लागला. त्याला तिकडे किस्काडी म्हणतात. तो फ्रेंचमध्ये "काय म्हणतोय हा?" असं विचारतो, अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. तीन तास तो हेच विचारत होता. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर.

कोयत्याचा प्रसंग याच्यानंतरचा. तो काढून घेतल्यावर तिने शेंगांचा ढीग आणि दोऱ्याचं भेंडोळं माझ्याकडे सरकवलं. "पोरंसोरं हे करतात," असंही वर सांगितलं, म्हणजे गैरसमज नको. मी मन लावून बसलो. विमा कंपनीत तीस वर्षं फायली बांधल्यात, शेंगा काय चीज आहे? दहा जुड्या झाल्या तेव्हा अभिमानाने तिच्यापुढे मांडल्या. ती एक शब्द बोलली नाही. एकेक जुडी उचलली, सोडली, शेंगा मांडीवर आपटून देठं एका रेषेत आणली, अंगठा आणि बोटांच्या कवेत मावतील तेवढ्या घेतल्या, बाकीच्या ढिगात टाकल्या, दोऱ्याचे दोन वेढे, एक हिसका, झालं. दहाच्या दहा. माझ्या डोळ्यांदेखत. तिच्या जुड्या एका आईची लेकरं दिसत होत्या. माझ्या एसटी स्टँडवरची गर्दी.

आणि मग तिने तो आवाज काढला. त्याला तिकडे "स्टूप्स" म्हणतात. दात मिटून, ओठ जरासे पुढे काढून हवा आत ओढायची. आपलं "च्च्" त्याच्यापुढे अगदी गरीब. "च्च्"मध्ये कीव असते, हळहळ असते, दूध उतू गेल्याचं दुःख असतं. स्टूप्समध्ये फक्त निकाल. आणि तो लांबवता येतो. तिने माझ्यासाठी लांबवला. इतका, की मला वाटलं टायरची हवा चाललीय.

तिथेच गप्प बसलो असतो तर हा लेख झाला नसता. पण माझ्यातला शेतकरी दुखावला होता. मी म्हणालो, "नानी, आमचीही गावी शेती आहे."

हे वाक्य पुण्यात फार चालतं. आमच्या सोसायटीत अठ्ठावीस फ्लॅट आहेत आणि सत्तावीस जणांची गावी शेती आहे. अठ्ठाविसावा सिंधी आहे, तो ऐकून घेतो. "आमच्या घरचा तांदूळ", "आमच्याकडचं गूळ-शेंगदाणे", "यंदा पाऊसच नाही हो" असं लिफ्टमध्ये म्हणत आम्ही आपापल्या मजल्यावर उतरतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस लग्नाच्या बाजारातही जरा वरचढ असतो. माझ्या सासऱ्यांनी पत्रिका नंतर पाहिली, उतारा आधी. कागदावर माझ्या वाट्याला अकरा गुंठे. भावकीची चौदा नावं. बघतो चुलता.

नानीचा हात थांबला. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय लावता?"

"ऊस. घेवडा. आलं."

"आलं?" तिचा चेहरा उजळला. तिने मागच्या परसात बोट दाखवलं, तिथे तिचंही होतं चार सरी. "किती महिन्यांनी काढता?"

मित्रांनो, मी आलं आयुष्यभर चहात घातलंय. किती महिन्यांत निघतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. भाजीवाल्याकडे ते बारा महिने असतं. मी अंदाजाने, बँकेच्या मुदतठेवीसारखं, म्हणालो, "चार."

पक्षी म्हणाला, काय म्हणतोय हा?

नानी काहीच म्हणाली नाही. दोन जुड्या बांधून झाल्यावर विचारलं, "लावताना डोळा वर करतात की खाली?"

"कुणाचा?"

या वेळी स्टूप्सही आला नाही. त्या लायकीचाही मी उरलो नव्हतो.

"बरं, ऊस," ती म्हणाली. उसावर तिचा हक्कच होता. नवरा सरकारी साखर कंपनीत होता. 2003 साली ती कंपनी बंद पडली आणि हजारो माणसं एकदम घरी बसली. "ऊस कोण तोडतं?"

"टोळी येते. बीडकडून. बाहेरची माणसं."

"म्हणजे दुरून आणलेली?"

"हो. हंगामापुरती. उचल देऊन आणतात."

"लावतं कोण?"

"चुलता. म्हणजे मजूर. चुलता बघतो."

"खुरपणी?"

"बायका येतात."

"आणि तू?"

"मी पुण्यात असतो. वर्षातून एकदा जातो. जत्रेला."

तिने जुडीला हिसका दिला. "म्हणजे तू लावत नाहीस, खुरपत नाहीस, तोडत नाहीस. लांबून माणसं आणवतोस आणि वर्षातून एकदा बघायला येतोस." मग अगदी शांतपणे, राग नाही काही नाही, नुसती ओळख पटल्यासारखी, "आमच्याकडेही होता तसा. घोड्यावरून यायचा. ओव्हरसियर म्हणायचे त्याला."

याच्यावर मी हसलो. आता सांगतो, हसू आलं नव्हतं. अहो, मी अकरा गुंठ्यांचा धनी! घराचा हप्ता अजून सात वर्षं आहे, गुडघ्यात गॅप आहे, घोड्यावर मी एकदाच बसलोय, महाबळेश्वरला, तेही घोडेवाला दोरी धरून पुढे चालत असताना. मला मळ्यावरचा गोरा साहेब केलं! आणि कुणी? जिला मी अर्धं जग ओलांडून हात जोडायला आलो होतो तिनं. वर आमच्याकडे खऱ्या अर्थाने घोड्यावर बसणारे, साखर कारखान्यांच्या खुर्च्यांवर पिढ्यानपिढ्या बसलेले लोक वेगळेच आहेत, पण ते कशाला बराकपूरला शेंगा बांधायला जातात? सापडतो तो आमच्यासारखा.

बीडच्या टोळ्या कशा राहतात, कुठल्या पालात, पोरांच्या शाळेचं काय होतं, हेही तिने विचारलं. तेव्हा मी पक्ष्याकडे बघत बसलो.

मग तिने तिच्या जमिनीचं सांगितलं, मला विशेष गरज नसताना. करार संपला की मजुराला परत नेण्याचं भाडं सरकारला स्वतः भरावं लागे. 1869 पासून काही वर्षं सरकारने त्याऐवजी जमीन देऊ केली. तिच्या आज्याच्या बापाने, म्हणजे तिकडच्या अर्थाने "आजा", बापाकडचाच, हे तिने बजावून सांगितलं, बोटीचं तिकीट सोडून जमीन घेतली. "परत जायचं तिकीट देऊन घेतलीय ही," ती पायाने माती दाबत म्हणाली. "तुला कशी मिळाली?"

"वारसाने."

"हं."

तो "हं" मी अजून वागवतोय.

विषय बदलावा म्हणून मी शेवटचा पत्ता काढला. वेस्ट इंडिजमध्ये मराठी माणसाकडे तो असतोच. "नानी, गावसकर आमच्याकडचा. मराठी." आणि काय सांगू, बाई खुलली! 1971 साली रेडिओला कान लावून ऐकलेलं तिला सगळं आठवत होतं. चार कसोट्यांत 774 धावा, पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या सामन्यात 124 आणि 220, आणि तेही दाढ ठणकत असताना. त्याच्यावर तिकडे गाणं झालं. मी छाती जरा पुढे काढली. माझ्याच घरातला मुलगा असल्यासारखी.

"तो पोरगा," नानी म्हणाली, "दिवस दिवस उन्हात उभा राहायचा. एका जागी. आणि तू चाळीस मिनिटांत तीन वेळा विचारलंस, पंखा आहे का."

तीन नव्हे, दोनदा. तिसऱ्यांदा मी नुसता वर पाहिला होता.

जावई आणि भाचा आले तेव्हा मी झोपाळ्यावर होतो आणि सगळ्या जुड्या बांधून झाल्या होत्या. निघताना नानीने मला एक जुडी दिली. मी भारावून दोन्ही हातांनी घेतली. गाडीत बसल्यावर पाहिलं तर ती माझीच होती, मूळची, अकरावी, सोडून न बांधलेली. बाजारात चालली नसती. चौकात पोचेपर्यंत दोरा सुटला आणि शेंगा भाच्याच्या गिअरखाली गेल्या.

रात्री आठला राहवेना, चुलत्याला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच. ते मोटार सुरू करायला उठलेलेच होते, रात्रीची लाइट होती म्हणे. मागून पाण्याचा आवाज येत होता.

"काका, आलं किती महिन्यांत निघतं?"

पलीकडे बराच वेळ नुसतं पाणी.

"आठ-नऊ महिने," काका म्हणाले. मग आवाज बदलून, "का रं? वाटणी मागतोयस व्हय?"