"डायची सुई नाकारा" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी रात्री अकराला आत्याचा फोन आला. "अगं, गुरुवारी मी ती सुई घेणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. आता डायशिवाय होतं सगळं. तू त्याच लाइनमध्ये असून मला बोलली नाहीस?" पाठोपाठ तो मेसेज आला, वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का.

चार महिन्यांपूर्वी तिला हार्ट अटॅक येऊन गेला. पंपिंग कमी झालंय. बायपासचा उपयोग होईल का, हे ठरवायला डॉक्टरांनी गुरुवारी हृदयाचा एमआरआय सांगितलाय. त्यात हृदयातला फरक स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून डाय, म्हणजे एक द्रव, टोचतात; ती ही सुई. मी बारा वर्षं एमआरआय मशीनवर काम करते, आणि या एका मेसेजपुढे माझी बारा वर्षं तिला कमी वाटली याचा मला खरंच राग आलाय.

मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत: ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की डाय न देता एआय हृदयाचं तेच चित्र एका सेकंदात बनवतो, अँजिओग्राफीलाही आता डाय लागत नाही, डाय म्हणजे जड धातूचं विष, किडनी निकामी करतं आणि मेंदूत साठतं, आणि दवाखाने कमाईसाठी हे लपवतात, म्हणून संमतीपत्रावर सही करू नका.

पहिल्या मुद्द्यावरच आत्याचं सगळं अवलंबून आहे, म्हणून तो नीट बघू.

ऑक्सफर्डचं संशोधन खरं आहे आणि चांगलंही आहे. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम या धातूचा डाय शिरेतून दिला की आम्ही दहाएक मिनिटं थांबतो. जिवंत पेशींच्या आत तो शिरत नाही. जिथे स्नायू मरून व्रण झालाय तिथे पेशींमधली जागा वाढलेली असते, तिथे तो साचतो आणि उशिरा निघतो. मग स्क्रीनवर निरोगी स्नायू काळा दिसतो आणि व्रण पांढरा. कधी भिंतीच्या आतल्या कडेने एक बारीक पांढरी रेघ, कधी पूर्ण जाडीभर पांढरा पट्टा. रेघ असेल तर रक्तपुरवठा सुधारल्यावर तो भाग पुन्हा आकुंचन पावायला लागेल अशी आशा असते. पूर्ण जाडी पांढरी असेल तर फारशी नसते. आत्याच्या बायपासचा निर्णय या फरकावर आहे.

ऑक्सफर्डच्या गटाने डाय न देता घेतलेली दोन प्रकारची चित्रं, म्हणजे धडधडत्या हृदयाची फिल्म आणि स्नायूचा टी-वन नकाशा (स्नायू कुठे कसा आहे हे ठिपक्याठिपक्याने दाखवणारं चित्र), एआयला दिली आणि त्यावरून डायचं चित्र कसं दिसलं असतं ते काढायला शिकवलं. 2021 साली 'सर्क्युलेशन' या हृदयरोगांवरच्या नियतकालिकात आलेला त्यांचा पहिला निबंध हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारावर होता. तो आत्याचा आजारच नव्हे. 'एका सेकंदात' हे त्यातलंच. पण तो सेकंद मूळ चित्रं एमआरआय मशीनवर घेऊन झाल्यानंतरचा, आणि ती घ्यायलाच पंधराएक मिनिटं लागतात.

जुन्या हार्ट अटॅकवरचा निबंध 2022 चा, त्याच नियतकालिकातला. 775 रुग्णांच्या चित्रांवर एआय शिकला, आणि उत्तर म्हणून त्याच्यापुढे काय ठेवलं होतं? डाय टोचून काढलेली चित्रं. निकाल असा: जिथे एआयने व्रण दाखवला तिथे तो खरोखर होता, खोटा व्रण एकही नाही. व्रणाचा आकारही डायच्या चित्राशी चांगला जुळला. पण डायच्या चित्रांत दिसलेल्या व्रणांपैकी एआयने पकडले 77 टक्के. एमआरआय हृदयाची चकत्या कापल्यासारखी एकेक चित्रं काढतो; म्हणजे व्रण असलेल्या दर 100 चकत्यांमागे 23 चकत्यांत तो दिसलाच नाही. हा आकडा त्या शास्त्रज्ञांनी स्वतः, निबंधाच्या सारांशातच छापलाय. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढाच गाळला.

आत्याची ती बारीक रेघ त्या 23 मध्ये असली तर? शिवाय अटॅकनंतर हृदयात गुठळी झाली असेल तर डाय दिल्यावर ती काळी, उठून दिसते. ती अशी नीट बघण्यासाठीही सुई लागते.

अँजिओग्राफीचा मुद्दा तर साफ चूक. रक्त आणि हृदयाचा स्नायू एक्स-रेला जवळपास सारखेच अडवतात. आयोडीनचा डाय नसेल तर पडद्यावर कॅथेटर (आत घातलेली बारीक नळी) दिसेल, रक्तवाहिनीत साचलेलं कॅल्शियम दिसेल, पण रक्ताची वाट दिसणार नाही. चित्रात जे उमटलंच नाही ते मशीन कुठून शिकणार? सीटीमध्ये मात्र डाय कमी करता येतो, हे खरं. एक्स-रेचं व्होल्टेज 70-80 किलोव्होल्टवर उतरवलं की आयोडीन जास्त उजळ दिसतं, म्हणून थोडा डाय पुरतो. त्याने चित्र खरखरीत होतं आणि ती खरखर मशिन लर्निंग काढून टाकतं. डाय कमी झाला, बंद नाही झाला.

आता विष. इथे दोन वेगळे डाय एकत्र कालवलेत. किडनीची भीती मुख्यतः आयोडीनची, आणि 2020 साली अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीच्या संस्थांनी एकत्र येऊन सांगितलं की ती भीती फुगवलेली होती; खरी काळजी ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, 30 च्या खाली असणाऱ्यांची. गॅडोलिनियमबद्दल मात्र मला मान्य करावं लागतं, मनात नसलं तरी. किडनी जवळजवळ बंद असलेल्या रुग्णांची कातडी आणि सांधे ताठरणारा एक भयंकर आजार त्याने झाला, हा संबंध 2006 मध्ये लक्षात आला. मेंदूत अंश राहतात हेही खरं. त्यातून इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. दोन्ही बाबतींत जास्त दोष जुन्या, 'लिनिअर' प्रकारच्या डायचा, आणि त्यातल्या बहुतेकांचा वापर युरोपने 2017 मध्ये थांबवला. म्हणूनच सुईशिवायची पद्धत लवकर पक्की व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. डायलिसिसवरच्या माणसाला तिचा मोठा आधार होईल.

कमाईचं काय सांगू? डाय गेला तर स्कॅन लवकर संपेल आणि दिवसात जास्त रुग्ण होतील. लपवून कुणाचा फायदा?

आणि "सही करू नका" हे लिहिणाऱ्याला माझा एकच प्रश्न आहे: व्रण राहून गेला आणि चुकीचा निर्णय झाला, तर त्या घरी तुम्ही जाणार आहात का?

आत्याला हे सगळं फोनवर सांगायला पाऊण तास लागला. शेवटी तिने वही घेतली आणि मी सांगितले ते प्रश्न उतरवून घेतले: माझा ईजीएफआर किती, डाय 'मॅक्रोसायक्लिक', म्हणजे त्या 'लिनिअर'हून वेगळ्या, घट्ट बांधणीचा, आहे का, मात्रा वजनाप्रमाणे ठरवली का. खाली तिने स्वतःच चौथा लिहिला: सुई कुठल्या हाताला? डाव्या हाताला तिची शीर सापडत नाही, दर वेळी दोन-तीनदा टोचावं लागतं. मूळ भीती तीच होती, हे मला तेव्हा कळलं. गुरुवारी मी रजा टाकून तिच्यासोबत जातेय.