अष्टमीला पोहायचं, अमावास्येला धावायचं

"पहिली ट्रायथलॉन करताय? मग स्वतःचं डोकं चालवू नका. तज्ज्ञांनी बनवलेला १२ आठवड्यांचा प्लॅन घ्या आणि तो जसाच्या तसा पाळा. घरी बसून केलेला प्लॅन म्हणजे दुखापत नाहीतर अर्ध्यातून माघार." अशा अर्थाचा मजकूर पाऊस ओसरू लागला की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या सायकलवाल्यांच्या मोबाइलवर फिरू लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. त्यांतली एक माझ्या मावसबहिणीची मुलगी. तिने खाली विचारलं होतं, "मावशी, मग मी नाव देऊ की नको?" ती पंधरा किलोमीटर सायकल मारून नोकरीला जाते, विहिरीत पोहायला शिकलेली आहे, आणि तरी तिला वाटायला लागलं की हे आपलं काम नव्हे. तिचा तो प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, म्हणून त्या मजकुरातला एकेक मुद्दा घेऊन हे उत्तर लिहिते आहे.

मी पहिली ट्रायथलॉन त्रेचाळिसाव्या वर्षी केली. स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराची: एकापाठोपाठ ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. सुरुवात तयार प्लॅननेच केली होती. चौथ्या आठवड्यात तो बाजूला ठेवून स्वतःचा लिहिला. त्यामुळे दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

"तज्ज्ञांचा प्लॅन शास्त्रावर बसवलेला असतो, म्हणून तो सगळ्यांना लागू पडतो."

शास्त्र सगळ्यांना लागू पडतं, हे खरं. शरीराला थोडा ताण द्यायचा, मग विश्रांती द्यायची, त्या विश्रांतीत ते बळकट होतं, मग ताण थोडा वाढवायचा. हे रत्नागिरीतही खरं आणि परदेशातही. पण प्लॅनच्या कागदावर नुसतं शास्त्र नसतं. तुमच्या घराजवळ २५ मीटरचा तलाव आहे, रस्ता सपाट आहे, पाणी थंड आहे, हे त्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. माझ्या प्लॅनच्या नवव्या आठवड्यात वेटसूट, म्हणजे थंड पाण्यासाठीचा रबरी पोशाख, घालून पोहण्याचा सराव होता. जागतिक ट्रायथलॉन संघटनेच्या नियमानुसार हौशी स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंशांच्या वर असेल तर वेटसूट चालतच नाही. आपला समुद्र बारा महिने त्याहून पुष्कळ गरम असतो. म्हणजे तो आठवडा माझ्या कामाचाच नव्हता.

सायकलचंही तेच. "दीड तास एकसारख्या हलक्या जोराने" असं लिहिलेलं होतं. सागरी महामार्गावर हे करून दाखवावं कुणी. रस्ता खाडीपाशी उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच जांभ्याच्या सड्यावर चढतो, की पुढे पुन्हा खाडी. आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जाऊन आलात की चढावर ठोके वर गेलेले आणि उतारावर पाय रिकामे, असंच होणार. इथे ठोक्यांच्या आकड्याऐवजी बोलून बघावं. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येत असेल तर जोर हलका आहे. चढावर सगळ्यात हलका गिअर टाकायचा आणि वेग पडला तर पडू द्यायचा.

"दर आठवड्याला १० टक्केच वाढ, हा नियम तयार प्लॅन पाळतो. स्वतः प्लॅन करणारे तो मोडतात आणि जायबंदी होतात."

या नियमाची एकदा नीट परीक्षा झाली आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंचे दोन गट केले होते. एकाला १० टक्क्यांच्या हिशेबाने हळूहळू वाढणारा १३ आठवड्यांचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जखमी झाला. फरक जवळजवळ नव्हताच. याचा अर्थ वाटेल तशी उडी मारा, असा नाही. कागदावरची टक्केवारी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, एवढाच आहे. पोटरी सकाळी उठल्यावर दुखते की दिवसभर दुखते, हे ज्याचं त्यालाच कळतं, आणि ते कळल्यावर उद्याचं धावणं खोडायची मुभा प्लॅनमध्ये असायला हवी.

"एकही सत्र चुकवू नका. वार आणि वेळ ठरलेली असली की शिस्त लागते."

या मुद्द्याचा मला राग आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर हा सल्ला धोक्याचा आहे.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे या शनिवारी सकाळी साडेसहाला भरती असेल, तर पुढच्या शनिवारी बरोबर त्याच वेळेला ओहोटी. "दर शनिवारी सकाळी खुल्या पाण्यात पोहणे" असं ज्याने लिहिलं, त्याच्या डोळ्यांसमोर तळं असावं किंवा भरती-ओहोटी न जाणवणारा समुद्र. कोकण नक्कीच नव्हतं.

मी ते डोळे मिटून पाळलं. समुद्रातल्या पहिल्या शनिवारी रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर पाणी भरलेलं, शांत. दुसऱ्या शनिवारी त्याच ठिकाणी, सव्वासहाला उतरले. पौर्णिमा होऊन दोन-तीनच दिवस झाले होते, उधाणाचा जोर होता, आणि काजळी नदीची खाडी समुद्रात रिकामी होत होती. मी हात मारत होते आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडं जागची हलत नव्हती. मग ती लहान व्हायला लागली. जाळं आवरणाऱ्या एका काकांनी हाका मारून हाताने बाजूला जाण्याची खूण केली. प्रवाहाच्या विरुद्ध न भांडता किनाऱ्याला समांतर गेले, तेव्हा कुठे पाय टेकले. बाहेर आल्यावर ते रागावले नाहीत. "सुकती लागलीय बाय, खाडीच्या तोंडाशी जायचं नाही," एवढंच म्हणाले. सुकती म्हणजे ओहोटी. त्या दिवशी घरी येऊन मी प्लॅन बंद केला आणि पंचांग उघडलं.

आपल्या जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, दशमीला साडेसात. मुंबईकडे हा हिशेब बरा जुळतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे छापील कोष्टक बघायचंच. पण हिशेबातून दिसतं ते मोलाचं आहे. अष्टमी ते दशमीच्या सुमारास सकाळी पाणी भरलेलं असतं आणि तेव्हाच भांग असतो, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढही कमी. पोहायला यासारखे दिवस नाहीत, आणि ते महिन्यातून दोनदा येतात. उलट पौर्णिमा-अमावास्येला सकाळी पाणी लांब गेलेलं असतं. ओली, घट्ट, बरीचशी सपाट पुळण धावायला मोकळी मिळते. एरवी भरतीच्या वेळी वरच्या उतरत्या वाळूत एका दिशेने धावलं की घोटा आणि कंबर दोन्ही बोलतात.

म्हणून माझा प्लॅन आठवड्याचा राहिला नाही, पंधरवड्याचा झाला. समुद्रातलं पोहणं अष्टमी ते एकादशी. पुळणीवरचं लांब धावणं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. लांब सायकल रविवारी, कारण सायकलला चंद्राचं काही देणंघेणं नाही आणि कामावरची सुट्टी तेव्हाच असते. मधल्या दिवसांत छोटी सत्रं. तयार प्लॅनमध्ये जेवढं पोहणं होतं तेवढंच मी केलं, फक्त ते पाण्याच्या वेळेला केलं. एकटीने कधी नाही, कमरेला नारिंगी फुगा बांधल्याशिवाय नाही, आणि आधी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय नाही. जूनपासून पावसाळा संपेपर्यंत समुद्रात नाहीच. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा आपण पाण्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून दुसऱ्या दिवशी पोहायला जाऊ नये. खाडीच्या तोंडाशी पाणी गढूळ आणि ओढीचं असतं.

आता चुकलेल्या सत्राबद्दल. डिसेंबरातल्या स्पर्धेसाठी १२ आठवडे मागे मोजले की बहुतेक सप्टेंबर लागतो. मग कधी गणपती मध्ये येतात. घरात पाहुणे, रात्री उशिरापर्यंत आरत्या, पहाटे पुन्हा पूजेची तयारी. त्यानंतर भातकापणी. दोन दिवस वाकून कापणी केलेल्या माणसाच्या कंबरेला तो व्यायामच असतो, पण प्लॅनच्या रकान्यात तो कुठे धरलेलाच नसतो. तिसऱ्या दिवशी "चढावर धावणे" लिहिलंय म्हणून धावलात की दुखापत होते आणि दोष मात्र तुमच्या बेशिस्तीला जातो. चार-पाच दिवस व्यायाम सुटला तर दमसास जात नाही. सलग दोन-तीन आठवडे सुटले की घसरण दिसायला लागते. सुटलेलं सत्र दुसऱ्या दिवसाच्या सत्रावर चढवणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा विश्रांती कापली जाते आणि ताण दुप्पट होतो. गणपतीचे पाच दिवस मी आधीच विश्रांतीचा आठवडा म्हणून लिहून ठेवते.

"स्वतः प्लॅन करणारा माणूस आवडीचंच करतो."

हा मुद्दा खरा आहे, आणि तो मान्य न करता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. सायकलवाला सायकलच मारतो. धावणारा धावतोच. आणि खाडीकाठी वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना वाटतं, पोहणं तर येतंच. विहिरीत उडी मारून पलीकडे जाणं वेगळं आणि डोकं पाण्यात ठेवून, श्वास सांभाळत, गर्दीत ७५० मीटर जाणं वेगळं. अमेरिकेतल्या ट्रायथलॉन स्पर्धांमधले १९८५ ते २०१६ या काळातले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना मिळून १३५ नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या होत्या. लाखो स्पर्धकांत ही संख्या लहान आहे, घाबरून जाण्यासारखी नाही. पण कोणत्या भागाला हलकं घ्यायचं नाही, ते यातून स्पष्ट दिसतं. चाळिशी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावं. ज्याला फ्रीस्टाइलमध्ये सलग २०० मीटर जाता येत नाही, त्याने प्लॅनचा विचार सोडून शिकवणारा माणूस शोधावा. कुठलाही कागद, विकतचा असो की घरचा, पोहायला शिकवत नाही.

तेव्हा तयार प्लॅनमधून सांगाडा जरूर घ्यावा. मी घेतला. तीन आठवडे वाढ आणि चौथा हलका. सायकलवरून उतरून लगेच दहा-पंधरा मिनिटं धावण्याचा सराव, कारण ते जड झालेले पाय पहिल्यांदा स्पर्धेत भेटू नयेत. आणि शेवटची उतरंड, म्हणजे स्पर्धेआधी व्यायाम कमी करत नेणं, जिला टेपर म्हणतात. टेपरवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००७ साली आला. त्यात दोन आठवडे, एकूण व्यायाम साधारण निम्म्यावर आणायचा पण जोर तसाच ठेवायचा, ही पद्धत सगळ्यात फळली होती. स्वतः प्लॅन करणारे इथे खरंच चुकतात. शेवटच्या रविवारी "एकदा सगळं करून बघू" म्हणतात आणि दमलेले पाय घेऊन स्पर्धेला जातात. स्प्रिंटला मला एका आठवड्याची उतरंड पुरली.

"प्रशिक्षक लागतोच, म्हणजे प्लॅन विकत घ्यावाच लागतो."

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. चांगला प्रशिक्षक तुमचा मागचा आठवडा ऐकून पुढचा बदलतो. ताप आला होता म्हटलं की पोहणं खोडतो. म्हणजे जसाच्या तसा पाळायचा प्लॅन प्रशिक्षकही देत नाही. ज्याला असा माणूस परवडतो आणि मिळतो त्याने घ्यावा, मी दहा वेळा सांगेन. पण वर्षापूर्वी कुणी अनोळखी माणसासाठी छापलेला तक्ता म्हणजे प्रशिक्षक नव्हे. पैसे मोजले की शिस्त येते, हेही त्या मजकुरात आहे. कुणाला येत असेल. मला ती सकाळी भाट्याला वाट बघत उभ्या असणाऱ्या दोन मैत्रिणींमुळे आली.

भाचीला मी नाव द्यायला सांगितलं. परवा ती आली तेव्हा भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढून जमिनीवर पसरली. आधी स्पर्धेचा दिवस, मग त्याच्या मागचा उतरंडीचा आठवडा, मग तिच्या कामाच्या रात्रपाळ्या, मग घरची कापणी. मग निळ्या पेनाने अष्टमी ते एकादशी, प्रत्येक पक्षात. बारा आठवड्यांत पोहायला सकाळच्या चांगल्या वेळा वीसेक निघाल्या. तिला वाटलं होतं त्याहून जास्त.