नैरोबीत उकाडा नाही हो!

घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "उकाडा फार असेल ना रे तिकडे?" अहो, केनियाची ही राजधानी नैरोबी समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरच्या वर आहे, महाबळेश्वरपेक्षाही उंच! जुलैत आलो तेव्हा बॅगेत सगळे सुती शर्ट, कारण "आफ्रिकेत स्वेटर कशाला?" आता गिकोंबाच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून घेतलेला, कोपरावर विरलेला स्वेटर घालून लेक्चरला बसतो.

दुसरा प्रश्न जेवणाचा. मेसमध्ये चपाती आणि हिरव्या मुगाचं कालवण मिळतं म्हटलं, तर कुणाला पटत नाही. "खरं सांग, उपाशी राहतोस ना?"

मग सिंह. आता शहराला लागूनच १९४६ पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे सिंह आहेत, हे कबूल. पण ते माझ्या हॉस्टेलच्या जिन्यात बसत नाहीत!

आणि कळस म्हणजे मावशी. तिचा भाचेजावई नायजेरियातल्या लागोसला. "आफ्रिकेतच आहे की, रविवारी जाऊन ये." मावशी, लागोस साडेतीन हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे, मधे अख्खं काँगो लागतं! नकाशाचा फोटो पाठवला. अंगठा आला. पाठोपाठ मेसेज: त्याच्यासाठी चिवडा पाठवतेय, तुझ्याच पत्त्यावर.