दुसरं जहाज

कुणी घेतलेला निर्णय फिरवला की आपण लगेच म्हणतो, पलटी मारली, कोलांटउडी मारली. पुढारी असो की घरातला कर्ता माणूस, ‘एकदा बोललो म्हणजे बोललो’ म्हणणाऱ्याचंच कौतुक. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सांगायला इ.स.पू. ४२७ मधल्या अथेन्सला जावं लागेल. पोस्ट लांबणार आहे, पण वाचा.

अथेन्सचं तेव्हा स्पार्टाशी युद्ध चालू होतं. साथीच्या रोगाने शहर पोखरलं होतं, शहराचा मोठा नेता पेरिक्लीस जाऊन दोन वर्षं झाली होती. अशात लेस्बोस बेटावरचं मिटिलिनी शहर अथेन्सवर उलटलं. हे साधं मांडलिक शहर नव्हतं. खंडणी माफ, स्वतःचं आरमार, मानाचं स्थान. म्हणूनच घाव वर्मी बसला. वेढा घालून शहर शरण आणलं, आणि आता यांचं काय करायचं म्हणून अथेन्समध्ये सभा भरली.

ही सभा म्हणजे निवडून दिलेल्या प्रतिनिधींची नव्हे. कुंभार, चांभार, शेतकरी, वल्हेकरी, जो नागरिक येईल त्याची. कुणीही उठून बोलावं आणि शेवटी हात वर करावेत. त्या दिवशी संतापात हात वर झाले. ठराव असा: मिटिलिनीतले सगळे प्रौढ पुरुष मारायचे, बायकामुलं गुलाम करायची. बंडात कोण होतं, कोण नव्हतं, हे बघायचंच नाही. हुकूम घेऊन जहाज लगोलग निघालं.

रात्र गेली, आणि लोकांना आपल्याच ठरावाची टोचणी लागली. मिटिलिनीचे दूत शहरातच होते. त्यांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या अथेन्सकरांनी अधिकाऱ्यांना गाठलं, पुन्हा सभा बोलवायला लावली.

क्लिऑन नावाचा पुढारी खवळला. आदल्या दिवशीचा ठराव त्याचाच होता. ठरवलेलं असं बदलत बसलात तर तुम्हाला साम्राज्य झेपायचं नाही, कायदा वाईट असला तरी चालेल पण तो न बदलणारा हवा, हा त्याचा मुद्दा. त्याच्याविरुद्ध उभा राहिला डायोडोटस. या एका भाषणाखेरीज इतिहासात या माणसाचा मागमूस नाही. त्याने दया मागितली नाही, हिशेब मांडला. घाई आणि राग असताना शहाणा निर्णय होत नाही. मरणाच्या भीतीने बंडं थांबत नाहीत, कारण बंड करणारा आपण जिंकणारच असं धरून चालतो. आणि मिटिलिनीतल्या सामान्य लोकांच्या हाती शस्त्रं आली तेव्हा त्यांच्यामुळेच शहर तुमच्या ताब्यात आलं ना? त्यांनाच मारलंत, तर पुढच्या शहरात वरच्या वर्गाने बंड केलं की सामान्य माणूसही त्यांच्याच बाजूने जाईल. वाचण्याचा दुसरा रस्ता तुम्हीच बंद केलेला असेल.

हात वर झाले. दोन्हीकडे जवळपास सारखेच. डायोडोटस थोडक्यात जिंकला.

पण पहिलं जहाज एक दिवस आणि एक रात्र पुढे होतं! दुसरं तातडीने सोडलं. अशा जहाजावर १७० वल्हेकरी असत. मिटिलिनीच्या दूतांनी त्यांच्यासाठी वाइन आणि जवाचं पीठ भरून दिलं, वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस देऊ म्हणाले. त्या माणसांनी जेवायलासुद्धा वल्हं सोडलं नाही. वाइन आणि तेलात मळलेलं पीठ वल्हवता वल्हवताच खाल्लं, झोपले ते पाळीपाळीने. वारा आडवा आला नाही, हे नशीब. पोचले तेव्हा सेनापती पॅकीसने पहिला हुकूम वाचला होता, अंमल तेवढा व्हायचा होता.

मी शाळेत इतिहास शिकवते. अभ्यासक्रमात नसली तरी ही गोष्ट दरवर्षी सांगते, आणि इथे थांबत नाही. कारण पुढचंही खरं आहे. बंडाचे म्होरके म्हणून पकडलेले हजाराहून जास्त लोक अथेन्सने मारलेच, क्लिऑनच्याच सूचनेवरून. मिटिलिनीची तटबंदी पाडली, जहाजं घेतली, बेटावरची बरीचशी जमीन अथेन्सकरांत वाटली आणि मूळच्या मालकांनी ती खंडाने कसायची असं ठरवलं. ११ वर्षांनी मेलोस बेटाचा नंबर लागला. तिथे पुरुष मारले, बायकामुलं गुलाम केली, आणि त्यांच्यामागे दुसरं जहाज गेलं नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये याच सभेने आपल्या सहा विजयी सेनापतींना एकाच ठरावाने मरणाची शिक्षा दिली. वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही, हा त्यांच्यावरचा आरोप. पश्चात्ताप तेव्हाही झाला, पण ते मेल्यावर. शिवाय बायका आणि गुलाम या कुठल्याच सभेत नव्हते. लॉरियनच्या चांदीच्या खाणीत राबणाऱ्या गुलामाला यातल्या कशाचं काय सोयरसुतक असणार?

तरी माझं मत ठाम आहे. अथेन्सकडून काही शिकायचंच तर ते पहिल्या दिवसाच्या सभेकडून नको. हात कुणीही वर करतं. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांसमोर येऊन ‘काल आपलं चुकलं’ म्हणायला सोय होती, म्हणणारं कुणीतरी होतं आणि ऐकणारेही होते, ते मला मोलाचं वाटतं. पुढे इ.स.पू. ४०३ नंतर त्यांनी नियमच केला, की सभेचा ठराव कायद्याहून वरचढ ठरणार नाही. हे शहाणपण फार महाग पडलं होतं त्यांना.

यंदा वर्गात एका मुलीने विचारलं, ‘बाई, पण एवढा वेळ पुढे असून पहिलं जहाज आधीच कसं नाही पोचलं?’ या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसने त्याचं उत्तर एका ओळीत दिलंय. असल्या भयंकर कामाला निघालेलं ते जहाज घाई न करता चाललं होतं. वल्हेकऱ्यांत गरीब नागरिकही असत. म्हणजे आदल्या दिवशी सभेत हात वर केलेलेही कुणी त्या जहाजावर असू शकतील. तो हुकूम पाठीशी घेऊन, समुद्रावर सावकाश वल्हं मारणाऱ्या त्या माणसांचा विचार मी तेव्हापासून करते आहे.