विहीर आटत नाही, पण खारट होते

प्रवाळबेटाखाली पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत असतं, ते बेताचंच आहे आणि जपून उपसावं, असं मी लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. पहिला, बेटावरची विहीर ४ तास उपसली तरी पातळी जेमतेम ३ सेंमी उतरली आणि पंप बंद करताच जागेवर आली, मग 'पाणी बेताचंच आहे' हे मी कशाच्या जोरावर म्हणतो? दुसरा, विहिरीतली पातळी समुद्रसपाटीच्या ३० सेंमी वर आहे, म्हणजे चाळिसाच्या नियमाने (समुद्रसपाटीच्या वर जितकं गोडं पाणी, त्याच्या चाळीसपट खाली) १२ मीटर गोडं पाणी आहेच. तिसरा, 'पुनर्भरणाच्या (पावसातून खाली मुरणाऱ्या पाण्याच्या) ३० टक्केच उपसा करा' हा आकडा मी हवेतून काढला. तिसऱ्यात तथ्य आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी ते ३ सेंमी. प्रवाळाची रेती आणि भोकाभोकांचा चुनखडक यांतून पाणी इतकं सहज वाहतं की पातळी फारशी पडतच नाही. चारही बाजूंनी समुद्र असताना अशी विहीर आटेल कशी? ती खारट होते. मोठ्या भूभागावरची उपसा चाचणी 'पाणी किती मिळेल' ते सांगते, बेटावर प्रश्न 'कसलं मिळेल' हा असतो. चाळिसाचा नियम तुम्हीच आणलात, तर तोच इथे लावू. वर ३ सेंमी घट झाली की खालचं खारं पाणी कालांतराने ४० पट, म्हणजे १.२ मीटर वर चढू पाहतं. विहिरीचा तळ आणि गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा यांत ५ मीटर अंतर धरलं, तर या अंतराच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे १.२५ ते १.६५ मीटर चढाव झाला की तो उंचवटा स्थिर राहत नाही, थेट विहिरीत घुसतो. म्हणजे तुमची विहीर ऐन काठावर आहे. हा उंचवटा ४ तासांत उठत नाही, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून चाचणी नेहमीच छान येते.

आता १२ मीटर. नियम दिसायला देखणा आहे: समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, गोड्याची १.०००, म्हणून वर एक भाग तर खाली चाळीस. पण तो धरतो की मधली सीमा सुरीने कापल्यासारखी आहे. प्रत्यक्षात तिथे मचूळ पाण्याचा जाड पट्टा असतो आणि नियमाने येणारी खोली ही साधारण अर्धं समुद्राचं पाणी असलेल्या पातळीची असते. पिण्याजोगं पाणी त्याच्या बरंच वर संपतं. शिवाय कंकणद्वीपांवर (कड्याच्या आकाराच्या प्रवाळबेटांवर) साधारण १५ ते २५ मीटर खोलीवर वरची तरुण रेती संपून जुना, झिजून पोकळ झालेला चुनखडक लागतो. त्यातून भरती-ओहोटी इतकी जोरात खेळते की गोड्या पाण्याच्या भिंगाचा तळ तिथेच कापला जातो, नियम काहीही सांगो.

आणि ते ३० सेंमी मोजले कधी? भरतीला की ओहोटीला? १ सेंमीची चूक म्हणजे भिंगाच्या जाडीत ४० सेंमीची चूक. एकदा टेप सोडून घेतलेला आकडा इथे कामाचा नाही. पाण्याच्या दाबावरून पातळी नोंदवणारं यंत्र (लॉगर) किमान १५ दिवस, दर १५ मिनिटांनी नोंद घेत ठेवा, म्हणजे उधाणाची आणि भांगाची भरती दोन्ही येतील. लॉगरला हवेशी जोडलेली नळी नसेल तर हवेच्या दाबाची वेगळी नोंद हवी: १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे १ सेंमी पाणी. ती वजाबाकी विसरल्यामुळे अख्खी भिंगं कागदावर फुगलेली असतात.

जाडी ठरवायचा भरवशाचा मार्ग क्षारता थेट मोजणं हाच. त्यातही एक चूक फार होते: एकच लांब छिद्रं पाडलेली नळी खोलवर घालून तिच्यात ईसी (विद्युतवाहकता, जिच्यावरून क्षारता कळते) मोजणारा मीटर सोडतात. भरतीबरोबर नळीतलं पाणी खालीवर होतं, खारं आणि गोडं मिसळतं आणि मिळतो तो नळीचा आलेख, जमिनीचा नाही. एकाच विंधनछिद्रात ३, ६, ९, १२, १५, १८ मीटरवर संपणाऱ्या बारीक नळ्या सोडा. प्रत्येकीच्या टोकाभोवती थोडी खडी भरा आणि दोन टोकांच्या मध्ये बेंटोनाइटची (भिजल्यावर फुगणाऱ्या चिकणमातीची) डाट घाला. डाट कच्ची राहिली तर शेजारच्या दोन नळ्यांचे आकडे संशयास्पद सारखे येतात, तीच खूण. नमुना घेण्याआधी नळीतलं पाणी तीनदा बदलेल इतकं सावकाश उपसून टाका. ईसी २५ अंश सेल्सिअसला आणून लिहा. २५०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंमी, म्हणजे लिटरला साधारण ६०० मिलिग्रॅम क्लोराइड, ही गोड्या पाण्याची चालू मर्यादा. समुद्राचं पाणी ५०,०००च्या आसपास असतं.

तिसरा आक्षेप. ३० टक्के हा मोजलेला स्थिरांक नाही, सुरुवातीचा अंदाज आहे, आणि तो मी फार ठासून लिहिला हे मान्य. पण खरी अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर असते: पुनर्भरणच चुकीचं काढलं जातं. समजा महिन्यात १२० मिमी पाऊस पडला आणि बाष्पीभवन रोज ४ मिमी, म्हणजे १२० मिमी. महिन्याच्या हिशोबात पुनर्भरण शून्य. पण त्यातले ९० मिमी दोन दिवसांत आले, मातीचा मुळांपर्यंतचा थर कोरडा होता आणि तो ५० मिमी धरतो असं माना, तर ९० वजा ८ वजा ५० म्हणजे ३२ मिमी खाली झिरपलेच. हिशोब रोजचाच करा. उलट बाजूने, नारळाची मुळं थेट भूजलातून पाणी खेचतात. झाडोऱ्याची टक्केवारी न धरता काढलेला आकडा चढा येतो.

उदाहरणच घ्या. भिंगाचं क्षेत्र ४० हेक्टर, पाऊस १६०० मिमी, पुनर्भरण ४० टक्के: वर्षाला २,५६,००० घनमीटर, दिवसाला सुमारे ७००. त्यातले ३० टक्के म्हणजे २१०. उरलेलं 'वाया' जात नाही. ते कडेने समुद्राकडे वाहत राहतं म्हणूनच खारं पाणी बाहेर रेटलं जातं. हे २१० घनमीटर एका विहिरीतून काढलेत तरी खारंच मिळेल. म्हणून पॅसिफिकमधल्या किरिबाती देशात, तारावा बेटावरच्या बोन्रिकीला उभ्या बोअरऐवजी सुमारे ३०० मीटर लांबीच्या आडव्या सच्छिद्र नळ्या उथळ पुरून त्यांतून पाणी घेतात: घट मिलिमीटरांत राहते.

'खारट झालं की थांबू' असं तुम्ही म्हणता. कुक बेटांपैकी पुकापुकावर २००५च्या पर्सी चक्रीवादळात लाटांनी बेट धुतलं, तेव्हा भिंग पुन्हा पिण्याजोगं व्हायला ११ महिने लागले, आणि ते वरून आलेलं खारं पाणी होतं, पावसाने खाली ढकललं गेलेलं. खालून रुंदावलेला मचूळ पट्टा उपसा थांबवला तरी मुकाट्याने पूर्वीइतका बारीक होत नाही.

तुमच्या विहिरीपुरतं एवढं करा: पंप अर्ध्या क्षमतेवर आणून रोज दुप्पट वेळ चालवा, आठवड्यातून एकदा उपशाच्या शेवटी ईसी नोंदवा, आणि आकडा सलग चार आठवडे चढत राहिला तर पातळी काहीही म्हणो, उपसा एक तृतीयांशाने कमी करा.